मी टेक्नोवर नाचत नाई

प्रफुल ओट्यावर बसला आणि वरात थांबली.

थांबणारच. अल्लीपुरात वीस वर्षं झाली, वरात कोणाचीही असो, आधी प्रफुल नाचायचा, मग गाव. रुमालाचं टोक दातांत धरून त्यानं पहिली गिरकी घेतली, की बाकीच्यांची भीड चेपायची. धुमाल, म्हणजे गाडीवर बेंजो आणि ढोल ठेवून वाजवायचं वरातीचं संगीत, हा त्याचा जीव की प्राण. डाव्या हातावर त्यानं बायकोचं नाव सोडून 'धुमाल' गोंदवून घेतलं होतं. आणि आज सख्ख्या पुतण्याच्या वरातीत हा गडी घराच्याच ओट्यावर मांडी ठोकून बसला होता.

कारण समोरच्या गाडीवर होतं. 'कैलास धुमाल पार्टी' ही पाटी गेली होती आणि तिच्या जागी जांभळ्या दिव्यांत 'के-टेक्नो वऱ्हाड' असं झळकत होतं. गाडी तीच, बेंजो तोच, बेंजो वाजवणारा कैलासही तोच. पण मध्यंतरी कोणीतरी त्याची एक रील टेक्नो, म्हणजे डिस्कोतलं परदेशी संगीत, म्हणून टाकली, पुण्याच्या पोरांनी ती डोक्यावर घेतली, आणि कैलासनं पाटी बदलून टाकली.

"प्रफुलभाऊ, चाल तेच हाय ना," कैलास गाडीवरून हात जोडत म्हणाला. "नाव तेवढं बदललं."

"मी धुमालवर नाचतो," प्रफुल म्हणाला. "टेक्नोवर नाचत नाई. शपथ घेतली हाय."

शपथ मारुतीपुढे घेतली होती. तीही आंघोळ करून.

त्याच्या पोरीचं, मयुरीचं, सगळं उलटं. मागच्या वर्षीपर्यंत धुमाल म्हटलं की ती नाक मुरडायची. पाटी बदलली आणि बाईसाहेब मैत्रिणींचा घोळका घेऊन गाडीला चिकटल्या. "पप्पा, धुमाल आउटडेटेड झालं," तिनं जाता जाता बापाला सुनावलं होतं. आता पोरी जागच्या जागी उड्या मारत होत्या, पण वडीलधारं कोणी हालेना. मामा, मावश्या, काका, सगळे ओट्याकडे बघत उभे. मुहूर्त अकरा चाळीसचा, मांडव गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि घड्याळात सव्वाअकरा.

नवरदेवानं घोडीवरून मध्येच उतरू नये म्हणतात. म्हणून रजत घोडीसकट ओट्यापाशी आला.

"काका," तो वाकून हळूच म्हणाला, "तुमी नाचले नाई, तं मले जन्मभर लागन."

हे जन्मभर लागणं काय असतं, ते प्रफुलला चांगलं ठाऊक होतं. त्याची स्वतःची वरात याच घरून निघाली होती. साऱ्या वरातींत पुढे नाचणारा त्याचा बाप, मधुकरराव, त्या दिवशी याच ओट्यावर बसून राहिला. एक पाऊल टाकलं नाही. प्रफुलनं पोरगी स्वतः पसंत केली होती. बापाला ती आवडली नाही, दुसरं काय, असं त्यानं मनाशी धरलं. विचारायची हिंमत कधी झाली नाही. आठ वर्षांपूर्वी बाप गेला आणि सल तेवढी राहिली.

पण शपथ ती शपथ. प्रफुल हलला नाही.

तेवढ्यात त्याची आई देवकाबाई गुडघे धरत बाहेर आली आणि त्याच्या शेजारी टेकली.

"काऊन बसला रे?"

"नाव बदललं त्यायनं. टेक्नो लिवलं."

देवकाबाईनं पदर तोंडाला लावला. हसता हसता तिचे खांदे हलायला लागले.

"तुह्या लग्नात तुहा बाप बी इथंच बसला होता."

"मले माईत हाय. त्यायले पोरगी पसंत नव्हती."

"कोनं सांगतलं तुले? सुनेच्या हातच्या चायबिगर त्यायची सकाळ होत नव्हती." देवकाबाईनं गाडीवरच्या कैलासकडे हात केला. "त्या सालीच याच्या बापानं, अन्नाजीनं, बँडची पाटी काढून धुमालची लावली. तुहा बाप म्हने, मी बँडवर नाचतो, धुमालवर नाचत नाई. मारुतीले शपथ घेऊन आलता."

प्रफुलनं रुमालानं डोळे पुसले. वीस वर्षं उराशी धरलेलं दुःख, आणि ते निघालं एका पाटीचं. हसावं का रडावं, त्याला कळेना.

"अन् चाल?" त्यानं विचारलं.

"चाल हेच. बसल्या बसल्या पाय हालवत होता सारा वेळ. तुहा हालून राह्यला तसा."

प्रफुलनं खाली पाहिलं. मांडी कधी सुटली कोण जाणे, उजवा पाय ओट्याखाली बेंजोबरोबर ताल धरून होता.

त्यानं मारुतीच्या देवळाच्या दिशेनं दोन्ही कान पकडले, डोळे पुसलेला रुमालच दातांत धरला आणि ओट्यावरून उडी मारली. पहिली गिरकी बसली, तसे मामा सुटले, काका सुटले, घोडीसुद्धा चार पावलं पुढे सरकली. वरात हलली. रजत घोडीवर बसून लहान पोरासारखा हसत होता.

कैलासला आनंद आवरेना. त्यानं जांभळे दिवे विझवले आणि माईक हातात घेतला.

"आता खास आपल्या प्रफुलभाऊसाठी, आपलं जुनं, अस्सल धुमाल."

चाल तीच होती. एक सूर इकडचा तिकडे झाला नाही.

मयुरी मात्र नाचता नाचता थांबली. तिनं विझलेल्या पाटीकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, ओढणी झटकली आणि तरातरा ओट्याकडे चालत गेली.

देवकाबाई बाजूला सरकली.

"बस, माय," ती म्हणाली. "जागा अजून गरम हाय."