पुढचं दार

"बांगड्या पदराखाली झाकता येतील," भाऊसाहेब म्हणाले, "पण कपाळाचं काय करायचं?"

आनंदी आपल्याच घराच्या ओटीवर परक्यासारखी उभी होती. ओटीवर सरकारी टेबल येऊन बसलं होतं, टेबलावर भाडेपट्ट्याचा कागद आणि अंगठ्यासाठी शाईची गादी. नवं राज्य झाल्यापासून मालवणात कचेऱ्यांचं पीक उदंड आलं होतं. त्या ठेवायला जागा मात्र होती तेवढीच होती. शोधता शोधता बंदराच्या रस्त्यावरची ही ओटी आणि तिच्या आतली पुढची खोली सरकारच्या मनात भरली. त्या भाड्यावर आनंदीची आणि तिच्या आंधळ्या सासूची चूल पेटणार होती. नारळ विकून झाले होते, भांडी विकून झाली होती.

अडचण एकच. घर तिच्या नवऱ्याच्या, गुरुदासच्या नावावर. आणि गुरुदास मंगळूरची कौलं आणायला गलबतावर गेला तो गेलाच. गलबत आलं नाही, त्याची फळी आली नाही, निरोपही आला नाही. सरकारच्या मते सात वर्षं खबर नसलेला माणूस मेलेला असतो. भटजींच्या मते तो बारा वर्षं जिवंत असतो, आणि तोवर बायकोनं कुंकू पुसायचं नसतं. गुरुदासला जाऊन आठ वर्षं झाली होती. म्हणजे सध्या तो कागदावर मेलेला आणि शास्त्राप्रमाणे जिवंत होता. समुद्राचं मत कोणी विचारलं नव्हतं.

भाऊसाहेब, म्हणजे कचेरीचे हेडक्लार्क, माणूस वाईट नव्हते. घाटावरून बदलीवर आलेले, सुक्या मासळीच्या वासानं आधीच अर्धे झालेले. त्यांनी तिला नीट समजावून सांगितलं. रत्नागिरीहून साहेब आले आहेत, आत खोली बघताहेत. पट्ट्यात 'मालक मयत' लिहिलंय. त्यांच्यासमोर भरल्या कपाळाची बाई वारस म्हणून उभी राहिली, तर ते विचारणार, मग मेलं कोण? कागद माघारी जाणार. बाजारपेठेतल्या एका शेटजींची माडी तयारच आहे.

"माझी सासू आंधळी आहे," आनंदी म्हणाली.

याचा इथे काय संबंध, ते भाऊसाहेबांना कळलं नाही. तिनंही सांगितलं नाही. हौसाबाई रोज दिवेलागणीला सुनेच्या कपाळावर बोट फिरवून कुंकू चाचपायच्या. बोटाला कुंकू लागलं की त्यांचा मुलगा आणखी एक दिवस जगायचा.

शिवा शिपाई गावचाच. हातातल्या हातोडीकडे बघत तो हळूच म्हणाला, "वयनी, घटकाभराचो प्रश्न. मागल्या दाराक गेलंस की परत लाव."

तिनं पदराचं टोक जिभेनं ओलं केलं आणि पुसलं. कुंकवाखालचं मेण चिवट होतं. दोनदा पुसावं लागलं.

साहेब बाहेर आले. त्यांनी तिच्या कपाळाकडे बघून "वाईट झालं" म्हटलं आणि कौलं गळतात का ते विचारलं. आनंदीला सही येत होती. पण बाईमाणसाचा अंगठा सरकारला जास्त खात्रीचा वाटतो. तिनं अंगठा उठवला. मग भाऊसाहेबांनी ताब्यात आलेल्या वस्तू वाचून दाखवल्या. दरवाजा, खिडक्या, कोनाडा. कोनाड्यात आरसा आणि कुंकवाचा करंडा.

"हा तुमचाच असेल," ते म्हणाले. "न्यायचाय?"

साहेब बघत होते. आत्ताच विधवा झालेल्या बाईनं कुंकवाचा करंडा मागायचा कसा? कचेरीत बोलायची भाषा तिला अचानक आठवेना.

"ऱ्हवांदे. माका कित्याक व्हयो?"

भाऊसाहेबांनी करंड्यापुढे 'सरकारजमा' असं लिहिलं. शिवानं खोली आणि मागचं घर यांच्यामधलं दार ओढून घेतलं आणि त्यावर फळ्या ठोकायला सुरुवात केली. आनंदी बाहेरून, माडांच्या बुंध्यांमधून वळसा घालून मागच्या दारानं आत शिरली.

हौसाबाई नेहमीच्या जागी बसल्या होत्या, त्या ठोकल्या जाणाऱ्या दाराकडे तोंड करून. बंदरावरून येणारा माणूस पुढच्या दारानं येतो आणि मग या दारातून आत येतो. आठ वर्षं त्या तशाच बसत होत्या.

"कोण ठोकता गो? हय ये बघया."

दिवेलागणीला अजून वेळ होता, पण त्यांचं बोट आधीच पुढे आलं होतं. शेजारी जाऊन कुंकू मागून आणायला सवड नव्हती. आनंदीनं अंगठा बघितला. शाई अजून ओली होती. तिनं तो कपाळावर टेकवला आणि सासूपुढे वाकली.

बोट फिरलं, थांबलं.

"ओला आसा."

"आत्ताच लावलंय, आये."

हौसाबाईंनी बोट नाकाशी नेलं. बराच वेळ तिथंच ठेवलं. मग लुगड्याला पुसलं, सावकाश, एकेक पेर. पलीकडे शिवा शेवटचा खिळा ठोकत होता.

"तो इलो तर आता खंयच्या दारान येतलो?"

"मागल्या दारान, आये."

हातानं जमीन चाचपत हौसाबाईंनी बसायचा पाट ओढला, फिरवला, आणि मागच्या दाराकडे तोंड करून बसल्या.

त्या बाजूला विहीर होती, तिच्यामागे डोंगर. समुद्र नव्हता.