पुंजारामांच्या श्वासाची तपासणी

डॉक्टर अफ्रीन यांनी टेबलावरचा प्लास्टिकचा घसा मधोमध उघडला, तसे पुंजाराम खुर्चीतून पुढे वाकले. आत करंगळी जेमतेम शिरेल एवढीच वाट होती.

"सगळा श्वास एवढ्यातूनच?"

"एवढ्यातूनच, काका."

मग त्यांनी एकेक भाग दाखवला. नाकातला वाकडा पडदा सरळ करता येतो. वाढलेले टॉन्सिल काढता येतात. टाळूच्या मागचा सैल भाग आवळता येतो. कुणाचा जबडाच पुढे सरकवावा लागतो. कुठे कुठे तर छातीत छोटं यंत्र बसवतात. झोपेत श्वास घेताना ते जीभ पुढे ढकलतं.

पुंजाराम भारावून ऐकत होते. आपलीच जीभ झोपेत आपली वाट अडवते, हे त्यांना साठ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

शेजारी त्यांची बायको गोजरबाई पेंगत होती.

"हिला बसल्या जागी झोप लागती," ते म्हणाले, "अन् बदनामी माझ्या घोरण्याची."

हसनाबादहून जालन्याला ही त्यांची दुसरी खेप. टेंभुर्णीच्या लग्नात बायका घरात आणि पुरुष मांडवात झोपले होते. तिथे पुतण्या सोमेश्वरनं पाहिलं, काकांचं घोरणं एकाएकी थांबलं आणि त्याबरोबर श्वासही. ओठ काळे पडले. गदागदा हलवलं तेव्हा कुठे श्वास परतला. पहिल्या खेपेला डॉक्टरांनी श्वास नोंदवणारं एक मशीन दिलं होतं, घरी एक रात्र बांधून झोपायला. ऑपरेशन करायचं की नाही, ते त्यावरून ठरणार होतं.

आता डॉक्टरांनी त्या रात्रीचा रिपोर्ट वाचला, पुन्हा वाचला. मशीन मधे सुटलं होतं का, असं विचारलं. सुटलं नव्हतं.

"काका, श्वास फारसा अडकतच नाही. नुसतं घोरणं आहे. ऑपरेशन नको."

पुंजारामांनी हात जोडले. सोमेश्वर उगाच घाबरला, म्हणाले.

गोजरबाईनं डोळे उघडले. रातभरात जे झालं ते सगळं या कागदात येतं का, असं तिनं विचारलं. एकेक श्वास येतो, असं डॉक्टरांनी समजावलं.

"मंग बराबर हाय, मॅडम," ती म्हणाली. "श्वास थांबला की मी यांना हलवून कुशीवर करते, रोजच. त्या राती करायचं न्हाई, असं कुणी सांगितलंच न्हाई."