तिसरा एडिटर

“माझाच एडिटर घ्यायचा. विषय संपला,” दादा म्हणाला.

“तू विषय संपवलास की समजायचं, आता खरा सुरू झाला,” असं म्हणत धाकट्या बहिणीने आपली खुर्ची पुढे ओढली.

दोघांच्या मधे बसून आई मटार सोलत होती. भांडण ऐकताना तिचा चेहरा उजळला होता. बऱ्याच दिवसांत या घरात कुणी मोठ्याने भांडलं नव्हतं.

वेबसाइट बनवून द्यायचा घरचाच धंदा. बाबांनी तो मागच्या खोलीत सुरू केला आणि पुढे दोन्ही मुलं त्यात आली. पण ज्यात कोड लिहायचा तो एडिटर मात्र प्रत्येकाचा वेगळा, एका घरात तीन चुली असाव्यात तसा. काल तिने दादाची फाइल उघडून नुसती सेव्ह केली, तर तिच्या एडिटरने त्याच्या सगळ्या ओळी परस्पर इकडेतिकडे सरकवल्या. त्या निस्तरताना एक ओळ हरवली आणि चष्म्याच्या दुकानाचं अख्खं पान बंद पडलं. तेव्हा ठरलं, यापुढे घरात एकच एडिटर. आणि तो आईने निवडायचा.

कारण आईलाही आता हे काम शिकायचं होतं. बाबा गेल्यापासून ती रोज मागच्या खोलीत जायची, त्यांच्या कॉम्प्युटरवरची धूळ पुसायची आणि दार लावून घ्यायची. एका सकाळी फडकं हातात धरूनच म्हणाली, “नुसतं पुसत काय बसायचं? मला शिकवा की.”

बाबांचा एडिटर शर्यतीतच नव्हता. जुनाट आणि गोगलगायीसारखा संथ. “बाबा, हा आता संग्रहालयात द्या,” असं मुलगी त्यांना चिडवायची. “देतो. याला अजून थोडं शिकवायचं राहिलंय,” बाबा मान वर न करता म्हणायचे. आजारपणात कामं कमी केली, तरी त्यांचा दिवस त्याच्यापुढेच जायचा. त्यांच्या बोलण्याकडे फारसं कुणी लक्ष देत नसे. आईने स्वयंपाकघरातून “अहो!” अशी हाक मारली की “आलो, दोनच मिनिटं” म्हणायचे आणि जेवण गार होईपर्यंत जागचे हलायचे नाहीत.

चष्म्याच्या दुकानाचं पान वेबसाइटवर चढवायची सोय बाबांच्याच कॉम्प्युटरवर होती. ते दुरुस्त करून पाठवायचं, मग त्यांचा एडिटर काढून टाकायचा आणि आई निवडेल तो घालायचा. तिघं मागच्या खोलीत गेली. आई मटारचं भांडं घेऊन बाजूला बसली. बहीण बाबांच्या खुर्चीत बसली, जरा टेकल्यासारखी. एडिटर उघडला आणि हरवलेली ओळ भराभर लिहायला घेतली.

पडद्याच्या तळाशी लाल अक्षरं उमटली. एरवी तिथे चूक झाल्याचा रूक्ष इंग्रजी इशारा येतो. हा मराठीत होता.

“घाईबाई, कंस लाव. वारा येतोय.”

तिची बोटं तशीच थांबली. तिने कंस उघडला होता आणि बंद करायचा राहिला होता. लहानपणापासून तिची दारंही अशीच उघडी राहायची. आणि घाईबाई तिला एकच माणूस म्हणायचा.

“काय झालं गं?” आईने विचारलं. तिने नुसतं बोट दाखवलं. आईने चष्मा लावून ती ओळ मोठ्याने वाचली. हुबेहूब बाबांच्या सुरात.

“सरक,” दादा म्हणाला. त्याने उभ्याउभ्याच एक ओळ लिहिली आणि ओळ संपल्याचं चिन्ह गाळलं. त्याची कायमची चूक. पुन्हा लाल अक्षरं उमटली.

“दादासाहेब, बोलणं संपलं की थांबावं माणसाने.”

आई इतकी हसली की तिच्या मांडीवरचं भांडं कलंडलं. मटार खोलीभर घरंगळले. ते गोळा करायला खाली वाकलेली दोन्ही भावंडं टेबलाखालीच हसत बसली.

“याला शिकवत होते,” बहीण म्हणाली. “आपल्याला ओरडायला.”

“हे माझ्या एडिटरमध्ये नेता येईल?” दादाने हळूच विचारलं.

“नाही. त्यांनी हाच आतून उसवून शिवलाय.”

“पण फार संथ आहे गं हा. काम कसं होणार?”

“तेही खरंच.”

दोघांनी आईकडे पाहिलं. आई पडद्याकडे बघत होती.

“माझ्यासाठी काहीच नाही का रे?” ती म्हणाली. आवाजात लटका रुसवा होता, पण सगळा लटका नव्हता.

“आई, तू कोड कधी लिहिलास? तुझ्या चुका त्यांना कशा कळणार?” दादा म्हणाला.

“माझ्या चुका? पाठ होत्या त्यांना,” आई म्हणाली. “ऊठ बघू. आणि आधी मराठी करून दे.”

“अगं, कोडमध्ये मराठी नाही चा—”

बहिणीने दादाचा हात दाबला. मग त्याने मुकाट्याने कीबोर्डची भाषा बदलून दिली. आई खुर्चीत बसली. एका बोटाने अक्षरं शोधत, कोडच्या ऐन मधोमध तिने एकच शब्द लिहिला.

अहो

संथ एडिटर नेहमीसारखाच जरा रेंगाळला. मग तळाशी लाल अक्षरं उमटली.

“आलो, दोनच मिनिटं.”