उचलायला जड

"सोनंच घ्या, काका. माझ्या वडिलांनाही मी हेच सांगितलं असतं," सराफ पुन्हा एकदा म्हणाला.

समोर बसलेल्या कुलूपवाल्यांनी मान हलवली, पण ती नुसतीच. त्यांनी आयुष्यभर बाजारात कुलपं विकली, किल्ल्या घासून दिल्या. सराफाच्या शटरलाही त्यांचंच कुलूप होतं. आता गुडघे कुरकुरायला लागले म्हणून त्यांनी दुकान विकलं होतं आणि आलेला सगळा पैसा धातूत घालायचा, एवढं ठरवून ते आले होते. म्हातारपणाची सारी भिस्त त्यावरच. बँकेचं नाव काढलं की कपाळाला आठ्या पडत.

"चांदी काळी पडते," सराफ म्हणाला. "भाव आज वर, उद्या खाली. शिवाय जागा किती खाते. तेवढ्याच पैशांचं सोनं डबीत मावेल."

"डबीत?"

"खिशात म्हणा हवं तर."

"म्हणजे चोर एका फेरीत सगळं नेईल."

सराफाला हसू आलं. "नेईल की. चांदी नेताना मात्र घाम फुटेल त्याला. उचलून उचलून किती उचलणार?"

"मग चांदीच द्या. तुमच्याकडच्या मोठ्यात मोठ्या विटा."

सराफाने आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घेतला होता. त्याने परोपरीने समजावून पाहिलं, पण म्हातारा ढिम्म हलेना. शेवटी तिजोरीतून विटा काढता काढता त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. कुलूपवाल्यांची बायको केव्हाच गेली होती. एकुलता एक मुलगा नशेच्या नादी लागला, घरातली भांडीकुंडीसुद्धा विकून बसला, तेव्हा त्यांनीच त्याला घराबाहेर काढलं. त्यानंतर बापलेकांत बोलणं नव्हतं. तो परत आलाच तर त्याला हे घबाड घेऊन पळता येऊ नये, म्हणून हा जड माल. दिसतात तेवढे काही भोळे नाहीत, असं सराफ मनाशी म्हणाला आणि त्याला बरं वाटलं.

काही महिन्यांनी शेजारच्या शहरातल्या एका सराफाचा फोन आला. "तुमच्या शिक्क्याची वीट घेऊन एक जण आला होता. माणूस काही धड वाटला नाही. पावती मागितली तर निघून गेला."

दुकान बायकोवर सोपवून सराफाने तडक कुलूपवाल्यांचं घर गाठलं.

भर दुपार होती. दार नुसतं लोटलेलं. कुलूपवाले खाटेवर पडले होते. पावलं वाजली तसे त्यांनी डोळे आणखीच घट्ट मिटून घेतले.

"काका, मी आहे."

त्यांनी डोळे उघडले. सराफाला पाहून त्यांचा चेहरा जरासा उतरला.

कपाटाला खेळण्यातलं वाटावं असं चिमुकलं कुलूप होतं. ते काढून पाहिलं तर विटांची रास निम्म्यावर आलेली.

"काका, अहो, दिवसाढवळ्या लुटताहेत तुम्हाला. उरलेलं आजच सोन्यात बदलून माझ्या तिजोरीत ठेवू. मला त्यातलं काही नको. आणि पोलिसांत जाऊ. त्या सराफाने माणूस पाहिलाय."

कुलूपवाले सावरून बसले. "कसा दिसत होता?"

"हडकुळा. दाढी वाढलेली. एक वीट पोत्यात घालून आणलेली, तीही पेलवत नव्हती म्हणे."

"पायात काही होतं का?"

पोलिसांना वर्णन द्यायचं म्हणून विचारत असतील, असं सराफाला वाटलं. "ते काही बोलला नाही तो. पण काका, उभ्या बाजाराला कुलपं दिलीत तुम्ही. स्वतःच्या कपाटाला हे असलं?"

"आधी चांगलं होतं. माझ्याच हाताखाली शिकलाय तो, पण आता हात थरथरतात. बराच वेळ खटपट केली आणि तसाच गेला. मग मी बदललं."

सराफाने हातातलं चिमुकलं कुलूप खाटेवर ठेवलं.

"मी झोपेचं सोंग घेतो. जाताना अंगावर चादर टाकतो माझ्या." कुलूपवाल्यांनी उठून कपाट लोटलं. "सोन्याचं तेवढं बोलू नका, शेठ. सोनं ठेवलं असतं तर तो एकदाच आला असता."