गुलामाची पाठ

"प्रामाणिकपणा हाच आपल्या घराण्याचा कणा आहे," त्र्यंबकराव नातीला म्हणाले आणि गुलामचोर खेळायला चटईवर बसले.

सुट्टीतल्या दुपारी हा डाव मांडायचा आणि शेवटी ज्याच्या हाती गुलाम उरेल त्याने सगळ्यांचा चहा करायचा, ही घरची रीत होती. पत्ते त्यांच्या वडिलांचे, निळ्या पाठीचे. त्यातले गुलाम केव्हाच हरवलेले, म्हणून डावाला लागणारा एकुलता गुलाम त्र्यंबकरावांनी मुलाची लग्नपत्रिका कापून, मिश्यांसकट स्वतः रंगवला होता. त्याची पाठ तेवढी लालभडक. म्हणून दुसऱ्याच्या हातातलं पान डोळे मिटून ओढायचं, असा नियमही त्यांनीच घातला होता. स्वतःचा एक डोळा ते किंचित किलकिला ठेवत. बारा वर्षांत त्यांनी एकदाही चहा केला नव्हता.

आज नातीने पानं वाटली, तर सगळ्याच पानांच्या पाठी लाल.

"मामंजींचे पत्ते अगदी विरले होते," बायको म्हणाली. "माळ्यावर पत्रिका उरल्या होत्या, आम्ही दोघींनी बसून सगळ्या पानांना चिकटवल्या."

"अगं, मग आता गुलाम कुठला ते कळणार कसं?"

"डोळे मिटून आधी कसं कळत होतं?"

त्र्यंबकरावांनी आपली पानं उचलली. तासाभराने गुलाम त्यांच्याच हातात उरला. नात "आजोबा चोर" म्हणत घरभर नाचली, बायको डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, तेव्हा त्यांनाही हसू आवरेना.

मग लेंगा सावरत ते मोठ्या ऐटीत स्वयंपाकघरात गेले. बराच वेळ भांडी वाजत राहिली.

"अगं," दारातून डोकावत ते म्हणाले, "यातलं चहाचं पातेलं कुठलं, तेवढं सांग ना."