भिवाने वाचलेली तार

"मंगळसूत्र काढून ट्रेमध्ये ठेवा, बाई," पडद्याआडून पोलीसबाईचा आवाज आला आणि बाहेर उभ्या असलेल्या भिवाने कान टवकारले.

"नाय काढायची," आतून त्याची वहिनी ठमाबाई म्हणाली.

सत्याऐंशी सालचा सांताक्रूझ विमानतळ. भिवाची झडती केव्हाच उरकली होती. हवालदाराने त्याची चुन्याची डबी उघडली, हुंगली, दोनदा शिंकला आणि परत दिली. बायकांची झडती मात्र पडद्याच्या खोपटात. तिथे पोलीसबाईच्या हातातलं धातू हुडकणारं यंत्र आधी कुंईकुंई केकाटलं ते ठमाबाईने मंगळसूत्रात अडकवलेल्या सेफ्टी पिनांमुळे. अशा सात पिना निघाल्या. त्या ट्रेमध्ये पडल्या तरी यंत्र गप्प बसेना.

कोचीनचं विमान दिवसातून एकच. ते चुकलं तर ठमाबाईला नवऱ्याचं तोंड दिसणार नव्हतं. हे भिवाला ठाऊक होतं. आणि ठमाबाईला ते ठाऊक होऊ द्यायचं नव्हतं, निदान कोचीनची जमीन पायाला लागेपर्यंत.

तसा भिवा म्हणजे कळव्याच्या खाडीकाठचा एक नंबरचा थापाड्या. एकदा पुलाखाली एवढा मोठा मासा आडवा अडकला, की ठाण्याच्या कोर्टात तारीख असलेली सात माणसं पूल सोडून त्याच्या पाठीवरून पलीकडे गेली, असं तो आईची शपथ घेऊन सांगायचा. ओल्या चपला घालून आले म्हणून जज्जसाहेब त्यांच्यावर ओरडले, हेही सांगायचा. पण परवा त्याच्यावर जन्मातली सगळ्यात मोठी थाप मारायची पाळी आली. त्याचा थोरला भाऊ दामाजी कोचीन बंदरात गाळ काढणाऱ्या बोटीवर कामाला होता. तिथून तार आली. तारेत इंग्रजीतले मोजून सहा शब्द. भिवाने त्यांतून मराठीत पाव तास वाचलं. दादा शिडीवरून घसरला. पाय मोडला. मांडीपर्यंत प्लॅस्टर घातलंय. नर्स मल्याळी आहे, मेली विडी ओढू देत नाही. वयनीला घेऊन ये आणि येताना सुकट आण.

दामाजी गेला, एवढंच तेवढं त्याने वाचलं नाही.

ठमाबाईला अक्षरओळख नव्हती. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, "बरं" म्हणाली आणि आत गेली. कंपनीने विमानाची तिकिटं काढली होती, पण आज संध्याकाळपलीकडे प्रेत ठेवणार नाही, असंही भिवाला कळवलं होतं. म्हणून भिवाने बजावलं, पेटीबिटी नको, हातात मावेल तेवढंच घे. उतरल्यावर सामानाची वाट बघत उभं राहायला वेळ कुठे होता?

तिने एकच पिशवी घेतली. मघाशी भिवाची प्लॅस्टरची कथा ऐकत हवालदाराने ती टेबलावर उपडी केली. आत सुकट नव्हती. दामाजीची कडक इस्त्रीची पँट आणि पांढरा सदरा, बस्स.

"मांडीपर्यंत प्लॅस्टर म्हणालात ना?" हवालदाराने भुवया उंचावल्या. "मग ही पँट कुठून घालणार पेशंटला?"

"सोमवारी काढतात ना, सायेब! हाड लय लवकर जुलतंय त्याचं. लहानपनापासून मासं खाल्लेला मानूस."

ठमाबाईने पँटची घडी नीट करून ती पिशवीत ठेवली. घाईगडबडीत सुकट विसरली असेल, अशी भिवाने स्वतःची समजूत घातली.

आता पोलीसबाईने पडद्यातून डोकं बाहेर काढलं. "ओ भाऊ, समजवा यांना. दोन मिनिटांचं काम. पलीकडे गेल्यावर लगेच गळ्यात घाला म्हणतेय मी, तरी ऐकत नाहीत."

भिवाने घसा खाकरला. "वयनी, काढ गं. इमानाचा कायदाच हाय तसा. मागच्या हप्त्यात एका शेठानीनं हार काढला नाय, तर इमान एका अंगाला कललं. डायवरला खिडकीतून बाहेर लोंबकलून हाकायला लागला."

एरवी ठमाबाई फिसकन हसली असती, "चल, थापाड्या!" म्हणाली असती.

"दोन मिन्टं काढलंस तर दादाला काय व्हनार नाय गं," भिवा म्हणाला. दोन दिवसांत त्याच्या तोंडून निघालेलं हे एकच वाक्य शंभर टक्के खरं होतं. तेच नेमकं त्याला गिळता येईना.

पोलीसबाई मान हलवत आत गेली. कर्ण्यातून कोचीनच्या प्रवाशांना शेवटची हाक आली. भिवा पडद्याच्या अगदी जवळ सरकला. आता सांगून टाकावं. एवढ्याशा कापडाआडून तीन शब्द. त्याने तोंड उघडलं, पण आयुष्यभर पाण्यासारखी वाहणारी जीभ टाळ्याला चिकटून बसली. त्याने पडद्याचा लोखंडी दांडा घट्ट धरला.

आतून ठमाबाईचा आवाज आला. अगदी खालच्या पट्टीतला.

"बाय, कोचीनला उतरल्यावर काढायचंच हाय. तवर ऱ्हाऊ दे गल्यात."

यंत्राची कुंईकुंई थांबली.

"अगं बाई! म्हणजे तुमचे मालक..."

"हलू बोल, बाय. दीर भायेर हाय माजा. मना काय ठावं नाय असं वाटतंय त्याला, म्हनूनच आजून पायावर उभा हाय तो."