लूमचं तेल

अंबादासच्या जुन्या व्हॅनचं क्लच पेडल दाबलं की खालीच बसायचं, वर यायचं नावच घेत नव्हतं. गुरुसिद्धप्पा मिस्त्रींनी क्लचचा सिलेंडर खोलला, तर आतलं रबर भिजवलेल्या हरभऱ्यासारखं टम्म फुगलेलं. त्यांनी बोटावर तेल घेऊन हुंगलं.

"काय ओतलास रे ह्यात?"

"लूमचं तेल, मामा. आमच्या यंत्रमागाच्या कारखान्यात डबेच्या डबे पडलेत की. मग क्लचला ब्रेक ऑइल कशाला विकत आणायचं? तेल ते तेल."

मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. पाइप धुऊन काढला, नवी रबरं बसवली, ब्रेक ऑइल भरून आतली हवा काढली, तेव्हा कुठं पेडल ताठ झालं.

"सिद्धरामेश्वराची कृपा म्हण, क्लचवर निभावलं," हात पुसत ते म्हणाले. "ब्रेकमदी ओतला असतास, तर उतारावर गाडी थांबलीच नसती."

त्यांनी वळून पाहिलं. अंबादास फोन कानाला लावून उभा होता.

&nbsp;

"उचल की अण्णा, उचल… लेकरं हायत गाडीत, तुळजापूरचा घाट उतरू नको… परवा तुझ्या जीपच्या ब्रेकमदी मी तेच तेल घातलो."